ओरखड्यांची नोंद

जगदेवी अक्कांनी ब्रेकवर द्यायचा पाय क्लचवर दिला आणि गाडी आपली लाडात आल्यासारखी हळूच पुढे सरकली. समोर बाभळीखाली एक मोटारसायकल उभी होती. तिच्या सीटवर कोपर टेकून, हातात चहाचा कागदी कप धरून एक तरुण उभा होता. गाडी मोटारसायकलला टेकली, मोटारसायकल त्याला टेकली आणि चहा त्याच्या पांढऱ्या शर्टाला टेकला.

तसा मंगलच्या पायापाशीही ब्रेक होता. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक बसवलेली तिची ती गाडी, आणि एरवी तिचा पाय शिकणारणीच्या आधी पोचायचा. त्या दिवशी तो जरासा उशिरा पोचला. का, ते तिला विचारू नका. जनवाड्याच्या रस्त्यालगतच्या त्या तांबड्या माळावर, थंडीच्या कोवळ्या उन्हात, कुणी इतकं मन लावून चहावर फुंकर घालत उभं असेल तर माणसाची नजर जातेच. तिचीही गेली, इतकंच.

“अगं माय!” जगदेवी अक्कांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोक्याला लावले. अक्का अंगणवाडीत शिक्षिका, पन्नाशीच्या घरात आलेल्या. “मारलं की गं मी त्याला!”

“मेलो न्हाई, अक्का,” तो शर्ट झटकत म्हणाला. “चहा तेवढा गेला.”

मंगल उतरली. मोटारसायकलच्या टाकीवर बोटभर लांब ओरखडा उठला होता. तिने तो वाकून पाहिला, माणसाला लागलंय का ते पाहिलं आणि ओढणीच्या टोकाला बांधलेला मोबाइल सोडवला.

“जाऊ द्या ओ, मॅडम. जुनीच गाडी हाय.”

“जुनी असली तरी तुमची हाय.”

“पण फोन कुणाला करायलाव?”

“विमा कंपनीला. दुसऱ्याच्या गाडीला लागलं अन् मी गप बसू?”

तो हसला. मंगलने मात्र पॉलिसीचा नंबर पाठ म्हणावा तसा घडाघडा सांगितला, ओरखड्याची लांबी सांगितली, चहा सांडल्याचंही सांगितलं. ती बोलत होती तसतसं त्याचं हसू कमी होत गेलं.

“तुम्ही... मंगल काशाप्पा?”

“व्हय. तुम्हाला कसं ठाऊक?”

त्याने चहाने भिजलेल्या खिशातून ओळखपत्र काढलं. नाव समर्थ, गाव आळंद, नोकरी हुमनाबादच्या विमा शाखेत. मंगलने आत्ता ज्या कंपनीला फोन लावला होता, तीच कंपनी. “तुमच्याच गाडीचं बघायला आलतो,” तो ओशाळून म्हणाला. “आधी चहा घ्यावा म्हणून थांबलो.”

“बघायला आला आन् दिसलं की!” जगदेवी अक्का गाडीतूनच म्हणाल्या.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे त्याच बाभळीखाली कळलं. दुसरा चहा मंगलने पाजला, आणि समर्थने जे सांगितलं ते ऐकून तिचा स्वतःचा चहा तसाच निवून गेला.

मंगलचे वडील काशाप्पा धनगर. हयात मेंढरांमागे गेली. स्वतःची थोडी आणि गावातल्या चार घरांची पुष्कळ, अशी मेंढरं घेऊन ते आळंद-उमरग्यापर्यंत रानोरान फिरायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली मेंढरं विकली आणि लेकीला ही गाडी घेऊन दिली. बायकांना गाडी शिकवणारी बाई आसपास कुणी नव्हती, त्यामुळे मंगलचा क्लास चालायलाही लागला. गाडी दिली त्या दिवशी काशाप्पांनी बॉनेटला भंडारा लावला आणि एकच गोष्ट बजावली. दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्याने मेंढराला काटा जरी लागला तरी त्याच दिवशी मालकाला सांगायचं. मेंढरू दगावलं तर त्याचा कान नेऊन दाखवायचा, म्हणजे विकून खाल्लं नाही याची मालकाला खात्री पटते. मंगलने विचारलं होतं, गाडीचा मालक कोण? काशाप्पांनी विचार करून सांगितलं होतं, जो नुकसान भरून देतो तो. म्हणजे विमा कंपनी!

बापाचा शब्द मंगलने तंतोतंत पाळला. शिकणाऱ्या बायका गाडी विटांच्या ओळीला घासत, कुंपणाला टेकवत, कधी बोराच्या झाडात घालत. मंगल दर वेळी कंपनीला फोन करून कळवायची. पैसा मात्र तिने कधीच मागितला नाही. लहानसहान पोचा ती स्वतःच ठोकून घ्यायची.

“पण तुम्ही फोन केला की आमच्याकडं दाव्याचा नंबर पडतो,” समर्थ म्हणाला. “पैसे मागा, न मागा. कुणी तो बंद केला न्हाई की उघडाच राहतो. तुमच्या नावावर असले इतके नंबर पडलेत की कॉम्प्युटरला वाटायलंय, ही गाडी रोज उठून कुणाला तरी धडकायलीय.”

“मी तर खरं तेच सांगितलं.”

“तेच तर... खोटं सांगणाऱ्यांचं रेकॉर्ड साबणानं धुतल्यागत असतंय.” त्याने मान खाली घातली. “दावा न केल्याची सूट तुमची गेलीय. आणि कलबुर्गीचं मोठं ऑफिस म्हणायलंय, ही गाडी पुन्हा घ्यायचीच न्हाई. मी बघून शिफारस लिहायची, मग ते ठरवणार. तुमची मुदत महिन्याअखेरीला संपायलीय.”

विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि दुसरी कंपनी जुनं रेकॉर्ड मागवल्याशिवाय राहत नाही, एवढं मंगललाही कळत होतं. म्हणजे महिन्याअखेरीला क्लास बंद. बापाची मेंढरं गेली ती गेलीच, वर गाडीही अंगणात शोभेला उभी राहणार. तिचे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती उगीचच टायर तपासायला वाकली.

“टायर चांगले हायत,” तो हळूच म्हणाला.

“मला म्हाईत हाय,” ती वाकूनच म्हणाली.

त्यानंतर समर्थ वरचेवर यायला लागला. क्लास कसा चालतो, धोका कितपत आहे हे पाहणं त्याच्या कामातच होतं, त्यामुळे येण्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. तो मागच्या सीटवर बसून सगळं पाही. बायका शिकत, मंगल ओरडत नसे, आणि गाडी माणसांच्या वाऱ्याला जात नसे. समर्थच्या वाऱ्याला गेली तेवढीच. एके दिवशी तिने विचारलं, “तुम्हाला येते का ओ गाडी?”

तो बॅगेचा पट्टा उगीचच नीट करायला लागला.

“गाड्यांचा विमा बघता आणि गाडी येत न्हाई?”

“दवाखान्यात काम करणारा परतेक जण डॉक्टर असतोय का?”

“बसा पुढं,” मंगल म्हणाली.

जगदेवी अक्का आपण होऊन मागे गेल्या. समर्थने देवाचं नाव घेतलं, डावीकडे वळायचं म्हणून दांडी ओढली आणि काचेवर वायपर फिरायला लागले. आभाळात ढगाचा पुंजकाही नव्हता.

“पाऊस पडायलाय का?” मंगलने विचारलं.

“मला तर भिजल्यासारखं वाटायलंय...”

मागे अक्कांना अचानक खोकल्याची उबळ आली. मंगलने खिडकीबाहेर पाहिलं, पण गालावर चढलेला रंग खिडकीत मावण्यासारखा नव्हता. बाहेर तुरीच्या कापलेल्या पेंढ्या उन्हात पडल्या होत्या आणि त्यांचा कोरडा, गोडसर वास गाडीत भरला होता.

“गिअर बदला.”

“हात कुठं ठेवू?”

“गिअरवर ठेवा की!”

“तिथं तुमचा हाय.”

तिने हात काढून घेतला... पण लगेच नाही. लगेच काढला असता तर पुढची गोष्ट सांगायला मी इथे बसलोच नसतो.

हळूहळू बोलणं वाढलं. तो आईबद्दल, मास्तर असलेल्या वडिलांबद्दल सांगायचा. नलिनीबाई आळंदला असतात, लेकाने सरकारी नोकरी का धरली नाही म्हणून अजून रुसतात. ती सांगायची, लहानपणी बापाच्या घोंगडीत झोपल्यावर मेंढरांच्या श्वासांचा आवाज कसा यायचा. तो ऐकता ऐकता क्लच सोडायचा आणि गाडी बंद पडायची. मंगल म्हणायची, “ध्यान कुठं हाय?” तो म्हणायचा, “मेंढरांत.” ते खोटं होतं आणि दोघांनाही कळत होतं.

महिना संपत आला. शिफारस अजून लिहिली गेली नव्हती, पण मंगलच्या मनातली भीती कमी झाली होती. समर्थच्या लेखणीतून वाईट उतरणार नाही असं तिला वाटत होतं. तिने बोलूनही दाखवलं, “एका ओळीचं तर काम हाय तुमचं.” तो त्यावर हसला नाही. दोन दिवस आलाही नाही.

तिसऱ्या दिवशी आला तो रिकाम्या हाताने. खांद्याला नेहमीची बॅग नव्हती.

“फाईल कुठं हाय?” मंगलने विचारलं.

“मी सोडली ती. कलबुर्गीच्या विजयश्री मॅडमकडं दिली. आता त्याच येतील, बघतील, लिहितील.”

मंगलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. “कामून? सगळं बघितलंत, सगळं ठाऊक हाय तुम्हाला... अन् आता नवं माणूस? चार दिवस राहिलेत! त्या बाईनं न्हाई लिहिलं तर?”

“तर न्हाई.”

“तुमचं काय जातंय! आमचं सगळं त्या एका गाडीत हाय.”

“म्हणूनच सोडली.” तो म्हणाला. “मंगल, मी साहेबांना सांगितलं, या गाडीचं मी लिहू शकत न्हाई. कारण विचारलं त्यांनी. मी म्हणलं... गाडीच्या मालकिणीत माझा जीव गुंतलाय.”

लांब रस्त्यावरून उसाची ट्रॉली करकरत चालली होती.

“तुम्ही... साहेबाला सांगितलं? मला सांगायच्या आधी?”

“चुकलंच. पण मी शिफारस लिहिली असती तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, पोरगं भुललं म्हणून लिहिलं. खरं बोलून बोलून तर तुमच्या नावावर एवढे ओरखडे उठलेत, त्यात माझा कशाला आणखी?” तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. “माझ्याशी लग्न कराल का? आत्ता उत्तर देऊ नका. गाडीचं काहीही झालं तरी माझं विचारणं तसंच राहील.”

मंगल गाडीकडे वळली. राग आला होता, रडू आलं होतं आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी इतकं गोड उमलत होतं की तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. ती गाडीत बसली आणि सरळ घरी निघून गेली.

दिवस मावळायला आला होता. काशाप्पा ओट्यावर बसून लोकर कातत होते. लेकीचं तोंड पाहून त्यांनी टकळी थांबवली. मंगलने सगळं सांगून टाकलं. वायपरचं तेवढं वगळलं.

“एका ओळीचं काम होतं, अप्पा. हातात होतं त्याच्या. अन् उठून गेला.”

काशाप्पांनी बराच वेळ धागा बोटांवर फिरवला. “आमच्यात मेंढरांवरनं भांडण झालं की पंच बसायचे, तुला ठाऊक हाय. घोंगडी आंथरायची, त्यावर पाच माणसं. अन् पंचातल्या कुणाची वादी घराशी सोयरीक असली, की तो काय करायचा?”

“उठायचा.”

“उठायचा. कुणी उठ म्हणायची वाट न्हाई बघायचा. माझा चुलता उठलेला बघितलाय मी. भर पंचात उठला म्हंजे चार माणसांत सांगितलं त्यानं, ही माझी माणसं हायत, मी यांचा न्याय करू शकत न्हाई.” त्यांनी लेकीकडे पाहिलं. “त्या पोरानं तुला सोडलं न्हाई, माय. आपलं म्हणलंय.”

मंगल ओट्याच्या कडेला खाली बसली. ती बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. काशाप्पांचे दुखरे गुडघे, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

“कोणाचा हाय?”

“आळंदच्या मास्तरांचा. आपल्यातला न्हाई, अप्पा.”

“न्हाई तर न्हाई. घोंगडीवरनं उठायला येतंय त्याला. मला तेवढं बास हाय.”

विजयश्री मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. मागच्या सीटवर बसून त्यांनी जगदेवी अक्कांना गावभर गाडी फिरवायला लावली. अक्कांनी त्या दिवशी असा ब्रेक लावला की मंगलला आपला पाय हलवावा लागला नाही. मग मॅडमनी गाडीच्या चारी बाजू पाहिल्या, पोचे पाहिले आणि विचारलं, “पैसे मागायचे न्हाईत तर फोन कामून करायच्या?”

मंगलने मेंढरांचं सांगितलं. कानाचंही सांगितलं. मॅडमनी तेही लिहून घेतलं. त्या निघाल्या तेव्हा मंगलने भीत भीत विचारलं, “समर्थ सर... काही म्हणाले का?”

“माझ्यापाशी तुमच्याबद्दल एक शब्द बोलला न्हाई तो. बोलू नये म्हणूनच तर मला पाठवलंय.”

मुदतीच्या आदल्या दिवशी मॅडमचाच फोन आला. पैसे न मागितलेल्या सगळ्या नोंदी रक्कम न देता बंद केल्या होत्या. सूट परत मिळाली होती आणि गाडी कंपनीने पुन्हा घेतली होती. “माणसाला लागलं, दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर लगेच कळवायचं,” मॅडमनी बजावलं. “विटेला घासलं अन् स्वतः दुरुस्त करणार असाल, तर आधी शाखेत विचारा. फोन केलाच तर दावा करायचा न्हाई हे सांगा, आणि ती नोंद बंद झाली का ते बघा. अन् बाई... असंच खरं बोलत जा. आम्हाला असली माणसं लई कमी भेटतात.”

मंगलने फोन ठेवला, तोंड धुतलं, ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली आणि गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंनी पिवळी पडलेली ज्वारीची पानं वाऱ्यावर सळसळत होती. रस्ताभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती आणि हुमनाबाद येईपर्यंत सगळी विसरली.

शाखा हमरस्त्यालाच होती. खाली ढाबा, लॉऱ्यांची रांग, फोडणीच्या डाळीचा वास. मंगलने हॉर्न वाजवला. वरच्या गॅलरीत समर्थ आला, तिला पाहिलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली धावला. समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“कळलं मला,” तो म्हणाला. “आत्ताच कळलं.”

“मी ते सांगायला न्हाई आले.” तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. “मला आभार मानायला येत न्हाईत. आमच्या घरात कुणी कुणाचे मानत न्हाई. पण आज मानायलेय. शिफारस लिहून तुम्ही मला गाडी देऊ शकला असता. तुम्ही माझं नाव राखलंत... अन् माझ्यापायी चारचौघांत स्वतःचं हसं करून घेतलंत. असं माझ्यासाठी कधी कुणी केलं न्हाई.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी तिने ते लपवलं नाही. “त्या दिवशी तुम्हाला वाटेल तसं बोलले. माफ करा.”

“माफ केलं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू, “दुसरं काही...?”

“व्हय.”

“काय व्हय?”

“तुम्ही इचारलं होतं की न्हाई? त्याचं व्हय.”

एक लॉरी भोंगा वाजवत शेजारून गेली. धुरळा उडाला. समर्थला क्षणभर वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“पुन्हा सांगा.”

“एकदाच सांगणार,” मंगल म्हणाली आणि रडता रडता हसली. “आता आळंदला तुमच्या आईला तुम्ही सांगा.”

“सांगितलंय. परवाच. ती म्हणाली, पोरगी घेऊन ये, आधी जेवायला घालते.”

ढाब्याच्या बाकावर बसलेले दोन ड्रायव्हर चहा विसरून पाहत होते. समर्थने त्यांच्यासमोरच तिचा हात हातात घेतला आणि मंगलने तो काढून घेतला नाही.